दही, चीक, लोणी, खवा: घरच्या फ्रीझरमध्ये दुधाचे पदार्थ कसे गोठवावेत

गावाकडे म्हैस व्याली की शहरातल्या लेकीकडे बाटलीभर चीक पोहोचतो, सुट्टीवरून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत किलो-दोन किलो लोणी असते, पाडव्यासाठी आणलेला चक्का दुसऱ्या दिवशीही अर्धा शिल्लक राहतो, आणि सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यात नव्याने संसार मांडलेल्या माणसापुढे एवढे सगळे चार दिवसांत संपवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. कृष्णाकाठचा हा भाग दुधाचा आहे. भिलवडीत १९३९ पासून दुधाचा व्यवसाय चालत आला आहे, आणि म्हशीच्या घट्ट दुधाची सवय असलेल्या घरांत दूध उरण्याचे प्रसंग वरचेवर येतात. अशा वेळी फ्रीझर उपयोगी पडतो, परंतु तो प्रत्येक पदार्थाला सारखा मानवत नाही. पदार्थ बाहेर काढल्यावर त्याचे काय करायचे आहे, हे आत ठेवण्यापूर्वीच ठरवले, तर बहुतेक निराशा टळते. ज्यांनी आजवर फ्रीझरमध्ये बर्फ आणि आइस्क्रीम यांखेरीज काही ठेवलेले नाही, त्यांच्यासाठी ही माहिती क्रमाने दिली आहे.

गोठताना काय होते

दुधाचा पदार्थ गोठतो म्हणजे प्रत्यक्षात त्यातले पाणी गोठते. गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के आणि म्हशीच्या दुधात ८२ ते ८३ टक्के पाणी असते. शून्य अंश सेल्सियसच्या किंचित खाली, म्हणजे उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, या पाण्याचे स्फटिक होऊ लागतात, आणि बर्फ होताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दह्यामध्ये प्रथिनांचे एक नाजूक जाळे असते आणि त्यात पाणी अडकून राहिलेले असते. बर्फाचे टोकदार स्फटिक हे जाळे फाडतात; त्यामुळे बर्फ वितळल्यावर पाणी पुन्हा जाळ्यात परतत नाही, ते वेगळे साचते आणि खाली रवाळ, विस्कटलेले दही उरते. दुधाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यातल्या स्निग्धांशाच्या सूक्ष्म थेंबांभोवती एक पातळ आवरण असते, ते फुटले की थेंब एकमेकांना चिकटतात आणि वितळलेल्या दुधावर तुपाळ ठिपके तरंगताना दिसतात.

यावरून पुढचे बरेचसे आपोआप कळते. ज्या पदार्थात पाणी कमी, स्निग्धांश जास्त किंवा साखर भरपूर, तो गोठवणे चांगले सोसतो. लोणी आणि खवा जवळजवळ जसेच्या तसे परत मिळतात, चक्का आणि श्रीखंड थोड्या ढवळण्याने सावरतात, चीक आणि दूध काळजी घेतल्यास उत्तम राहतात, पनीर किंचित बदलते, आणि पातळ दही व ताक मात्र मूळ रूपात कधीच परत येत नाहीत.

गोठण्याचा वेगही महत्त्वाचा आहे. पदार्थ सावकाश गोठला तर स्फटिक मोठे होतात आणि नुकसान वाढते. झटपट गोठला तर स्फटिक बारीक राहतात. म्हणून पदार्थ नेहमी लहान वाट्यांत किंवा चपट्या पिशव्यांत विभागून ठेवावा. लिटरभर दुधाचा उंच डबा आतपर्यंत गोठायला फार वेळ घेतो, तर तेच दूध दोन चपट्या पिशव्यांत भरून स्टीलच्या ताटावर आडवे ठेवल्यास काही तासांत घट्ट होते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. थंडीने जिवाणूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत, आणि पदार्थ बाहेर येऊन कोमट झाला की उरलेले पुन्हा कामाला लागतात. कच्च्या दुधातून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिसचे जिवाणूही गोठवण्याने नष्ट होत नाहीत. म्हणूनच गोठ्यातून आलेले दूध उकळूनच गोठवावे, आणि आंबट वासाचा, बिघडू लागलेला पदार्थ गोठवल्याने सुधारेल अशी अपेक्षा कधीही ठेवू नये.

आधी आपला फ्रीझर तपासावा

दुधाचे पदार्थ महिना-दोन महिने ठेवायचे असतील, तर फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याहून खाली असावे लागते. दोन दारांच्या फ्रिजमध्ये फ्रीझर स्वतंत्र असल्यामुळे हे साधते. एका दाराच्या फ्रिजमध्ये आतल्या बाजूला असलेला बर्फाचा कप्पा पुष्कळदा तितका थंड होत नाही. अशा कप्प्यात पुढे दिलेल्या सगळ्या मुदती निम्म्या धराव्यात. तापमापक नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. आइस्क्रीमचा कप रात्रभर आत ठेवावा. सकाळी चमचा सहज आत शिरला, तर कप्पा पुरेसा थंड नाही. चमचा रोवायला जोर लावावा लागला, तर काम चालेल. कप्प्याच्या भिंतींवर बोटभर जाडीचा बर्फ साचलेला असल्यास आधी तो वितळवून कप्पा कोरडा करावा, कारण हा थर थंडी आत पोहोचू देत नाही.

एकाच वेळी फार माल भरू नये. चाळीस लिटरच्या आसपासच्या फ्रीझरमध्ये एका दिवशी दीड किलोपेक्षा जास्त नवा पदार्थ ठेवला, तर तो सावकाश गोठतो आणि आधीपासून गोठलेले पदार्थही बाहेरून नरम पडू लागतात. गरम किंवा कोमट भांडे तर आत कधीच ठेवू नये. उकळलेले दूध आधी पाण्याच्या परातीत ठेवून, अधूनमधून ढवळून निववावे, मग दोन-तीन तास फ्रिजच्या खालच्या भागात गार करावे आणि त्यानंतरच फ्रीझरमध्ये न्यावे.

भांडी आणि चिठ्ठी

भांडे कोणतेही असो, वरचा दहावा भाग रिकामा सोडावा. बर्फ फुगण्यासाठी ही जागा लागते. ती न मिळाल्यास झाकण उचकटते किंवा बरणी तडकते. काचेच्या निमुळत्या गळ्याच्या बाटल्या या कामासाठी वापरूच नयेत. घट्ट झाकणाचे स्टीलचे लहान डबे, अन्नासाठी बनवलेले जाड प्लास्टिकचे डबे आणि झिप असलेल्या जाड पिशव्या पुरेशा आहेत. पिशवीतली हवा हाताने दाबून काढावी, कारण हवा आणि थंडी एकत्र लागल्याने पदार्थाचा पृष्ठभाग सुकतो, पांढरट पडतो आणि स्निग्धांशाला खवट वास येऊ लागतो. बाजारातून आलेली दुधाची पिशवी तशीच गोठवण्याचा मोह होतो. परंतु ती काठोकाठ भरलेली असल्यामुळे शिवणीवर फाटू शकते. तिच्यातले दूध उकळून, गार करून दुसऱ्या पिशवीत भरावे.

दुधातला स्निग्धांश शेजारचा वास फार लवकर ओढून घेतो. ज्या कप्प्यात सुके बोंबील, मासे किंवा लसणाचे वाटण ठेवले आहे, तिथे लोणी आणि खवा ठेवायचे असल्यास ते दोन आवरणांत ठेवावेत.

चिठ्ठी पिशवी भरण्यापूर्वी लावावी, कारण ओलसर थंड पृष्ठभागावर ती चिकटत नाही. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, माप, तारीख आणि शक्य असल्यास उपयोगही लिहावा: ‘दही, फेटलेले, दोन वाट्या, कढीसाठी, १२ जून’. गोठल्यावर ताक, दूध आणि इडलीचे पीठ सारखेच दिसतात.

दही

साधे दही गोठवावे का, याचे उत्तर त्याच्या उपयोगावर अवलंबून आहे. दहीभात, कोशिंबीर, दहीवडा किंवा वाटीत घेऊन खायचे दही यांसाठी ते गोठवू नये. कितीही काळजी घेतली तरी त्याचा मऊपणा परत येत नाही. कढी, थालीपिठाचे किंवा धपाट्याचे पीठ, ढोकळा, केक, मटण किंवा चिकन मुरवण्याचा मसाला या कामांसाठी मात्र गोठवलेले दही चांगले चालते, कारण तिथे ते कशात तरी मिसळून जाणार असते.

कृती अशी आहे. ताजे, गोडसर आणि शक्यतो म्हशीच्या दुधाचे घट्ट दही घ्यावे. आधीच आंबट झालेले दही गोठून बाहेर आल्यावर अधिकच आंबट लागते. वर पाणी सुटले असेल तर ते ओतून टाकावे. नंतर रवीने किंवा चमच्याने दही एकजीव होईपर्यंत फेटावे, म्हणजे गोठताना मोठे गोळे होत नाहीत. एका वेळच्या कढीला लागेल इतके, म्हणजे दीड-दोन वाट्या दही एका पिशवीत भरावे, हवा काढावी, पिशवी चपटी करून ताटावर आडवी ठेवावी, आणि घट्ट झाल्यावर पुस्तकांसारखी उभी रचावी. थोडे-थोडे दही लागणाऱ्या घरांत ते बर्फाच्या साच्यात गोठवून नंतर वड्या पिशवीत काढून ठेवणे अधिक सोयीचे असते. महिना ते दीड महिन्यात हे दही वापरून टाकावे.

वापरायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावी. सकाळी पाणी वेगळे झालेले दिसेल, ते टाकू नये. त्यासकट पुन्हा जोराने फेटावे. कढी करताना नेहमीपेक्षा चमचाभर बेसन जास्त घ्यावे, ते दह्यात आधीच कालवावे, आणि मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणावी. बेसनातल्या पिठूळ अंशामुळे प्रथिनांचे गोळे होत नाहीत, आणि गोठवलेल्या दह्याला ही मदत ताज्या दह्यापेक्षा जास्त लागते.

महिनाभर घर बंद राहणार असेल, तर चांगले विरजण जपून ठेवण्याचा हाच मार्ग आहे. विरजणाचे जिवाणू गोठवण्याने काही प्रमाणात मरतात, पण पुरेसे जगतात. ताज्या दह्याच्या चमचाभर मापाच्या वड्या गोठवाव्यात आणि महिन्याच्या आत वापराव्यात. परतल्यावर एक वडी फ्रिजमध्ये वितळू द्यावी आणि अर्धा लिटर कोमट दुधात, म्हणजे बोटाला सोसेल इतक्या, साधारण ४० ते ४२ अंश तापमानाच्या दुधात कालवावी. पहिल्या वेळी दही लागायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि ते थोडे सैल होते. त्या दह्याचेच विरजण वापरून दुसऱ्यांदा दही लावले की ते पूर्ववत घट्ट लागते.

चक्का आणि श्रीखंड

ज्यांना दही पुढे खाण्यासाठीच राखून ठेवायचे आहे, त्यांनी त्याचा चक्का करून ठेवावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गोठवण्यात दह्याचा शत्रू पाणी आहे, आणि चक्का बांधताना आपण ते आधीच काढून टाकतो. स्वच्छ मलमलीच्या कापडात दही बांधून सहा ते आठ तास टांगावे. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीकडे जात असताना ही पुरचुंडी स्वयंपाकघरात टांगू नये, नाहीतर चक्का आंबतो. ती चाळणीत ठेवून, खाली पातेले घेऊन फ्रिजमध्येच निथळू द्यावी. म्हशीच्या दुधाच्या एक किलो घट्ट दह्यातून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम चक्का मिळतो. खाली साचलेले पाणी कणीक भिजवायला किंवा आमटीत घालायला चांगले असते, आणि तेही बर्फाच्या साच्यात गोठवता येते.

साधा चक्का दोन महिने राहतो. त्याहून चांगले राहते ते श्रीखंड. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे काही पाणी गोठतच नाही आणि श्रीखंड दगडासारखे न होता चमच्याने काढण्याजोगे राहते. पाडव्याला किंवा दसऱ्याला जास्त झालेले श्रीखंड त्याच दिवशी लहान डब्यांत भरून गोठवावे. चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग गोठवण्यात अर्थ नाही. सुका मेवा वाढण्यापूर्वी घालावा, कारण गोठवलेल्या श्रीखंडातल्या काजू-पिस्त्यांचा कुरकुरीतपणा जातो. बाहेर काढताना डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी श्रीखंड एकदा घोटून घ्यावे.

चक्क्यापासून गोठवलेले गोड दहीही घरी छान होते. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात बाजारात आली की ते अवश्य करून पाहावे. तीनशे ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरून शंभर ग्रॅम साखरेबरोबर मंद आचेवर आठ-दहा मिनिटे आटवावी आणि पूर्ण गार करावी. फळ कच्चेच घातले, तर त्यातल्या पाण्याच्या बर्फाचे कण दातांखाली येतात, म्हणून आटवणे टाळू नये. अर्धा किलो चक्का आणखी पन्नास ग्रॅम साखरेसह घोटून त्यात ही स्ट्रॉबेरी मिसळावी आणि मिश्रण उथळ, पसरट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावे. पाऊण तासाने डबा काढून कडेचे गोठलेले मिश्रण मधल्या मऊ भागात नीट घोटावे, आणि असे तीन-चार वेळा करावे. या घोटण्याने मोठे स्फटिक मोडतात आणि थोडी हवा मिसळते. वाढण्यापूर्वी डबा दहा-पंधरा मिनिटे फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावा. आंब्याच्या दिवसांत हीच कृती आटवलेल्या आमरसाने करता येते.

चीक

चीक गोठवणे हे या भागातल्या घरांना सर्वांत उपयोगी पडणारे काम आहे, कारण तो मिळतो तेव्हा एकदम मिळतो आणि नंतर कितीतरी महिने मिळत नाही. त्याआधी एक गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. पहिल्या काही तासांच्या चिकात वासराला किंवा रेडकाला रोगांपासून वाचवणारी प्रतिपिंडे असतात, आणि ती त्याला त्याच वेळी मिळावी लागतात. त्याचे पोट भरल्यावर उरलेला चीकच घरी आणावा किंवा मागावा.

चीक उकळून गोठवता येत नाही, कारण तापवताच तो आवळतो. तो कच्चाच, स्वच्छ भांड्यात गाळून, आणल्या दिवशीच पाव-पाव लिटरच्या पिशव्यांत भरून गोठवावा, आणि पिशवीवर तो पहिल्या दिवसाचा आहे की दुसऱ्या, हे न विसरता लिहावे, कारण खरवसात दूध किती घालायचे, हे त्यावर ठरते. पदार्थ कच्चा असल्यामुळे पिशवीबाहेर एक डबा असावा, म्हणजे थेंबही शेजारच्या तयार पदार्थांना लागणार नाही. असा चीक दोन-तीन महिने उत्तम राहतो.

वितळवताना घाई करू नये. पिशवी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी, किंवा वेळ कमी असल्यास गार पाण्याच्या पातेल्यात बुडवून पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलावे. गरम पाणी किंवा मायक्रोवेव्ह वापरल्यास कडेचा चीक आत्ताच शिजतो आणि मधला बर्फच राहतो, मग खरवस एकसारखा लागत नाही. वितळलेला चीक गाळून घ्यावा. पहिल्या दिवसाचा घट्ट, पिवळा चीक असेल तर त्याच्या दीडपट ते दुप्पट दूध, दुसऱ्या दिवसाचा असेल तर निम्मे किंवा त्याहूनही कमी दूध घालावे, गूळ विरघळवावा, वेलची-जायफळ घालून वीस-पंचवीस मिनिटे वाफवावे. प्रमाणाची खात्री नसेल, तर आधी वाटीभर मिश्रण वाफवून पाहावे. तयार खरवस मात्र गोठवू नये. त्याला जाळी पडते, पाणी सुटते आणि तो रबरासारखा लागतो. चीक गोठवावा, खरवस ताजा करावा.

साय, लोणी आणि तूप

रोजची साय डब्यात साठवत जाणे बहुतेक घरांत चालते. फ्रिजच्या खालच्या भागात ती आठवडाभरात कडवट होऊ लागते, म्हणून दोन-तीन आठवड्यांची साय जमवायची असेल, तर डबा फ्रीझरमध्ये ठेवावा आणि रोजची साय पूर्ण गार झाल्यावरच त्यात घालावी. लोणी काढायच्या आदल्या दिवशी डबा फ्रिजमध्ये उतरवावा, साय वितळल्यावर ती हलकी कोमट करून विरजण लावावे आणि आठ-दहा तास ठेवावे. थंडीत याहून जास्त वेळ लागतो. गोठलेल्या सायीत विरजण घालून उपयोग नसतो, कारण थंडीत जिवाणू काम करत नाहीत.

घुसळताना विरजलेली साय गार असावी. बारा ते पंधरा अंशांच्या आसपास लोणी कणीदार येते. उन्हाळ्यात त्यासाठी बर्फाचे पाणी घालावे. वर आलेले लोणी गार पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवावे, कारण आत राहिलेल्या ताकामुळेच लोणी लवकर खवट होते. नंतर ते हाताने दाबून पाणी काढावे, पावशेराचे गोळे करावेत, प्रत्येक गोळा बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात ठेवावा. असे बिनमिठाचे लोणी चार ते सहा महिने राहते. भाकरीवर घ्यायला लागेल तसा एकेक गोळा फ्रिजमध्ये उतरवावा.

लोणी पुष्कळ असेल, तर सगळे गोठवण्याऐवजी निम्मे कढवावे. तुपात पाणी जवळजवळ नसते, म्हणून कोरड्या बरणीत आणि कोरड्या चमच्याने वापरल्यास ते बाहेरच महिनोन्‌महिने टिकते आणि फ्रीझरमधली जागा अडवत नाही. तळाची बेरी मात्र चार-सहा दिवसांत खवट होऊ लागते. लाडवांसाठी ती साठवायची असल्यास लहान डबीत गोठवावी.

खवा, पेढे, पनीर आणि बाकीचे

खवा बाहेर दोन दिवसही खात्रीने टिकत नाही, फ्रीझरमध्ये मात्र तीन महिने चांगला राहतो. तो मोकळा न ठेवता दाबून पावशेराच्या चपट्या वड्या कराव्यात आणि दोन आवरणांत ठेवावा. साताऱ्याचे कंदी पेढे खरपूस भाजलेल्या खव्याचे असल्यामुळे मुळातच अधिक टिकाऊ असतात. तरीही जास्त आणले असतील, तर हवाबंद डब्यात महिना-दीड महिना गोठवता येतात. बाहेर काढल्यावर त्यांचा डबा लगेच उघडू नये. थंड पेढ्यावर बाहेरच्या हवेतली वाफ थेंब होऊन बसते आणि पेढा चिकट होतो. डबा बंद असताना हेच थेंब डब्याच्या बाहेरच्या बाजूला राहतात. डबा पूर्ण साध्या तापमानाला आल्यावर मगच झाकण काढावे.

पनीर तुकडे करून ताटावर सुटे गोठवावे आणि घट्ट झाल्यावर पिशवीत भरावे, म्हणजे हवे तेवढेच काढता येते. वापरण्यापूर्वी ते दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवावे. पोत थोडा भुसभुशीत होतो, त्यामुळे भुर्जी, पराठा आणि रसभाजी यांसाठी ते योग्य, तव्यावर नुसते परतण्यासाठी तितके नाही. चीज किसून गोठवावे. बासुंदी आणि रबडी महिनाभर राहतात, तांदळाची खीर मात्र ठेवू नये, तिची शिते कडक होतात. ताक फक्त कढीसाठी गोठवावे.

दूध उकळून, निववून अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत गोठवले, तर महिना-दीड महिना चालते. गोठलेले दूध पिवळसर दिसते. वितळल्यावर हा रंग जातो, त्याने घाबरू नये. वर तुपाळ ठिपके आले तर पिशवी हलवून, दूध गरम करून मिक्सरमधून एकदा फिरवावे. चहा, खीर, पनीर यांसाठी ते चांगले आहे. नुसते प्यायला ज्यांची जीभ चोखंदळ आहे त्यांना फरक जाणवेल.

वितळवणे आणि वीज जाणे

कोणताही पदार्थ ओट्यावर ठेवून वितळवू नये. बाहेरचा भाग कोमट होऊन त्यात जिवाणू वाढू लागतात, तरी आतला गाभा बर्फच असतो. फ्रिजच्या खालच्या भागात अर्धा लिटरच्या चपट्या पिशवीला एक रात्र पुरते, डब्याला दिवसभरही लागतो. एकदा वितळलेले दही, दूध किंवा चक्का पुन्हा गोठवू नये. दुसऱ्या वेळी पोत पार बिघडतो. आणि जो पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त, कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिला आहे, तो गोठवायलाही नको आणि खायलाही नको.

पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात पावसाळ्यात वीज दीर्घकाळ जाणे नवीन नाही, म्हणून फ्रीझर वापरणाऱ्या प्रत्येकाने याची तयारी ठेवावी. दार न उघडल्यास गच्च भरलेला मोठा स्वतंत्र फ्रीझर साधारण दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरून ठेवतो. फ्रिजमधला लहान कप्पा याहून खूप कमी वेळ धरतो. रिकाम्या जागी पाण्याच्या तीन-चतुर्थांश भरलेल्या बाटल्या गोठवून ठेवल्या, तर हा वेळ वाढतो. घर बंद करून जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर फ्रीझर बंद पडला नव्हता. ते तळाशी जाऊन पुन्हा गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळले होते, आणि मग दिसायला घट्ट असलेले दूध, चीक, खवा व पनीर हे सगळे टाकून द्यावे.

कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांना ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर आठवत असतील. घर सोडावे लागले आणि पुराचे पाणी फ्रिजपर्यंत आले, तर आतला कोणताही पदार्थ वापरू नये, मग पिशवी किंवा डबा बाहेरून बंद दिसत असला तरी. झिपच्या पिशव्या आणि प्लास्टिकची झाकणे पुराच्या पाण्याला रोखू शकत नाहीत. पाणी आत शिरले नाही, फक्त वीज गेली होती, असे असेल तर पदार्थ एकेक करून पाहावेत: ज्यांच्यात अजून बर्फाचे खडे हाताला लागतात ते फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी शिजवावेत, पूर्ण वितळून कोमट झालेले टाकावेत. वीज गेल्याने तुपाचे काही बिघडत नाही, पण बरणी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर तेही टाकावे.